वेगाचा कर्ता कोण?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवलंत, आणि आता ट्रकवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. मी ट्रक कधी चालवलेला नाही. पण नीतिशास्त्रातला सगळ्यात जुना प्रश्न, म्हणजे "हे कुणी केलं?", तो आपल्या महामार्गांवर रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर रोज घाईघाईनं दिलं जातं. म्हणून हा विषय घेतला.

आधी आकडा सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू 'अतिवेग' या कारणाखाली नोंदलेले आहेत. हे सगळ्या वाहनांचं मिळून आहे, एकट्या ट्रकचं नाही. आता 'अतिवेग' हा शब्द बघा. कारणाच्या रकान्यात तो लिहिला की आपल्याला वाटतं, चला, कारण सापडलं. पण वेग ही घडलेली गोष्ट झाली. तो वेग कुणी आणि का निवडला, हे त्या रकान्यात येत नाही.

आता घाटात जाऊ. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना रस्ता साधारण पाचशे मीटर खाली येतो. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. भरलेला ट्रक ताशी ८० किलोमीटरच्या वेगात असताना पूर्ण थांबवायचा, तर ब्रेकना काही एक ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवावी लागते. पाचशे मीटर खाली उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते ती याच्या जवळजवळ वीसपट आहे. गणित सोपं आहे, घरी करून बघा. ट्रकचं वजन दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे ते उडून जातं. म्हणजे एका घाटात वीस वेळा करकचून ब्रेक मारल्याइतकी उष्णता तयार होते.

ती जायची कुठं? ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं. जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, ते याचसाठी. पण गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा हात सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ड्रम तापतात, लायनर तापतात, आणि एका मर्यादेनंतर पाय कितीही दाबला तरी पकड येत नाही. इंजिनच बंद केलं असेल तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. दर दाबण्याला टाकीतली हवा कमी होत जाते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं वीसहून अधिक वाहनांना धडक दिली. ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केलं होतं, अशी पोलिसांची प्राथमिक माहिती तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. अशा वेळी बातमीत एक ठरलेलं वाक्य असतं, 'ब्रेक निकामी झाल्याने'. जणू ब्रेकच्या मनात आलं आणि तो निकामी झाला! खरं तर तो तापवला गेलेला असतो. आपण ती गोष्ट दैवाच्या खात्यात टाकून मोकळे होतो.

बरं, कुणी न्यूट्रल का करतं? डिझेल वाचवायला. अनेक ठिकाणी पद्धत अशी आहे की खेपेला डिझेलचे म्हणून ठरावीक पैसे मिळतात, त्यातून वाचलं ते ड्रायव्हरचं. गंमत अशी, की आजच्या बहुतेक इंजिनांत गिअरमध्ये उतार उतरताना डिझेल जवळजवळ जातच नाही, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला थोडं लागतंच. म्हणजे बचत बहुतेक मनातलीच असते. पण ती सवय ड्रायव्हरच्या स्वभावातून आलेली नाही, हिशोबाच्या पद्धतीतून आलेली आहे, हे लक्षात ठेवा.

वेगाचंही तसंच. तीनशे किलोमीटरचं अंतर घ्या. ताशी साठच्या सरासरीनं पाच तास, पंच्याहत्तरच्या सरासरीनं चार. जीव टांगणीला लावून वाचला किती, तर एक तास. आणि हाच ट्रक माल भरायला गोदामाच्या दारात पाळी येईपर्यंत चार-चार, सहा-सहा तास उभा असतो. त्या उभं राहण्याचे पैसे सहसा मिळत नाहीत, खेपेचे मिळतात. मग दारात गेलेला वेळ रस्त्यावर वसूल करायचा. भाजीपाल्याचं असेल तर वाशीच्या बाजारात पहाटेच्या आत पोचायला हवं, नाहीतर भाव पडतो.

खोपोलीजवळ एका धाब्यावर मी एका ड्रायव्हरशी बोलत बसलो होतो. तो म्हणाला, "काका, गाडी निघाली की मोबाईल सुरू. कुठं आलास, कुठं आलास. बंद करून ठेवला तर पुढची खेप दुसऱ्याला."

इथं आपल्या विषयाचं मूळ येतं. आपण सगळे शाळेत व्याकरणात एक गोष्ट शिकलो आणि पेपर लिहून विसरलो. प्रयोजक क्रियापद. गाडी पळते. ड्रायव्हर गाडी पळवतो. आणि मालक ड्रायव्हरला गाडी पळवायला लावतो. पाणिनीनं कर्त्याची व्याख्या करताना म्हटलंय की क्रियेत जो स्वतंत्र असतो तो कर्ता. आणि लगेच पुढच्या सूत्रात सांगितलंय की जो त्या कर्त्याला प्रवृत्त करतो तोही कर्ताच, शिवाय त्याला 'हेतु' ही आणखी एक संज्ञा. करायला लावणारा तो प्रयोजक कर्ता, ज्याच्याकडून करवून घेतलं तो प्रयोज्य कर्ता. दोघांनाही कर्ता म्हटलंय, इकडे लक्ष द्या. करवणारा आला म्हणून करणारा वाक्यातून पुसला जात नाही, आणि करणारा समोर दिसतो म्हणून करवणारा सुटत नाही.

अॅरिस्टॉटलनं हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं हाताळला. 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'च्या तिसऱ्या भागात तो वादळात सापडलेल्या जहाजाचं उदाहरण देतो. जीव वाचवण्यासाठी खलाशी माल समुद्रात फेकतात. ही कृती त्यांच्या इच्छेनं झाली की नाइलाजानं? तो म्हणतो, मिश्र आहे. एरवी कुणी असं करणार नाही, पण त्या क्षणी निवड त्यांचीच असते. आता आपला ट्रक बघा. तिथं जीव वाचवायला माल टाकला. इथं माल वेळेत पोचवायला जीव पणाला लावतात. आणि स्वतःचाच नाही, पुढच्या रिक्षातल्या माणसाचाही. म्हणून ड्रायव्हरची कृती मिश्र आहे असं म्हटलं तरी तो पूर्ण निर्दोष ठरत नाही. पण मग दुसरा प्रश्न विचारावाच लागतो, की ते वादळ कुणी उठवलं? समुद्रावरचं वादळ निसर्गाचं होतं. हे वादळ माणसांनी वेळापत्रकात लिहिलेलं असतं.

जानेवारी २०२४ मधले दोन-तीन दिवस तुम्हाला आठवत असतील. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, निष्काळजीपणे वाहन चालवून माणूस मेला आणि ड्रायव्हर खबर न देता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद असं होतं. त्याविरुद्ध देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, आपल्याकडे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पुढे १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं. त्या दिवसांत चर्चा एवढीच चालली होती, की ड्रायव्हरला किती वर्षं? जखमीला सोडून पळणं वाईटच, त्यात वाद नाही. पण प्रयोजक कर्त्याचं नाव त्या चर्चेत फारसं कुणी घेतलं नाही.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. ते नाव आपल्या कायद्यात आधीपासून आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ११२ म्हणतं, वेगमर्यादा मोडून गाडी चालवू नका, आणि कुणाला चालवायला लावूही नका. आणि कलम १८३ चं चौथं उपकलम त्याहून पुढे जातं. त्याचा आशय असा: अमुक प्रवास अमुक वेळात पुरा करा असा आदेश कुणी दिला, किंवा तसं वेळापत्रक काढलं, आणि न्यायालयाच्या मते वेगमर्यादा न मोडता तेवढ्या वेळात पोचणं शक्य नसेल, तर तो आदेश हाच आदेश देणाऱ्याच्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा.

पाणिनीचा प्रयोजक कर्ता इथं कलमात येऊन बसला आहे! आणि कसोटी किती स्वच्छ आहे बघा. अंतर भागिले वेळ. आदेश देणाऱ्याच्या मनात काय होतं हे शोधायला नको. मोबाईलवरचा "सहाच्या आत पोच" हा निरोप, निघाल्याची वेळ आणि नकाशा, एवढ्यावर चौथीतला मुलगा उत्तर काढेल.

इथं एक आक्षेप येतो. मालकाला ट्रान्सपोर्टवाला घाई करतो, त्याला कारखानदार, त्याला दुकानदार, दुकानदाराला आपण. सगळेच जबाबदार म्हटले की कुणीच नाही. हा आक्षेप गंभीर आहे. आपल्याकडचे कितीतरी मालक एक-दोन गाड्यांचे, कर्जाचे हप्ते भरणारे, वेळप्रसंगी स्वतः स्टिअरिंगवर बसणारे आहेत. पण उत्तर त्या कसोटीतच आहे. साखळीतला प्रत्येक जण कर्ता नाही. जो वेळ ठरवतो तो कर्ता. मला आंबे हवे आहेत, एवढ्यानं मी ट्रक पळवत नाही. पहाटे चारला निघालेला ट्रक नऊला दारात हवा असं जो म्हणतो, आणि ते कायद्यात राहून जमत नाही हे ज्याला कळायला हवं, तो पळवतो.

बाहेर हे झालंय. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात माल पाठवणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा, सगळ्यांवर आपापल्या कामापुरती जबाबदारी आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात ड्रायव्हरनं साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती. आणि रस्त्याची सुरक्षा धोक्यात येईल अशा तऱ्हेनं अंतरावर किंवा मालावर बक्षिसी द्यायला बंदी आहे. तिथंही नियम मोडले जातात. पण मोडल्यावर दार कुणाचं वाजवायचं हे ठरलेलं आहे.

आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती असं सांगितलं होतं. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. पण तो मुळात पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होता. एका ट्रकचा मालक आणि त्याचा एक ड्रायव्हर त्याच्या बाहेरच राहिले.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे. जबाबदारी ही भाकरीसारखी नसते, की चौघांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला चतकोर यावी. दिव्यासारखी असते. एका दिव्यावर दुसरा लावला म्हणून पहिल्याचा उजेड कमी होत नाही. प्रयोजक कर्त्याला ओळखल्यानं ड्रायव्हरची जबाबदारी पूर्वीइतकीच राहते, फक्त ती एकट्याची राहत नाही.

*श्रोत्यांचे प्रश्न*

प्रश्न: सर, दारू पिऊन चालवणारेही असतात. तिथं कुठला आला प्रयोजक कर्ता?

उत्तर: तिथं तो नाही, किंवा क्वचितच असतो. तिथं ड्रायव्हरच कर्ता, आणि त्याला शिक्षा व्हावी. मी सगळ्या अपघातांना एकच किल्ली लावत नाही. पण दारूचं उदाहरण पुढे करून वेळापत्रकाचं उदाहरण मागे ढकलायचं, हे तर्काला धरून नाही.

प्रश्न: माझा छोटा कारखाना आहे. मी उद्यापासून काय करू?

उत्तर: तीन गोष्टी करा. माल ठरल्या वेळी भरून द्या. उशीर तुमच्याकडून झाला तर पोचण्याची वेळही तेवढी पुढे ढकला आणि तसं कागदावर लिहून द्या. दारात उभं राहावं लागलं तर त्याचे पैसे वेगळे द्या, ते खेपेत धरू नका. आणि तुमच्या आवारात ड्रायव्हरला आंघोळीची, झोपायची सोय करा. खर्च फार नाही. आणि गाडी रस्त्यावर असताना "कुठं आलास?" म्हणून फोन करू नका. तो थांबला की तोच करेल.

वेळ संपलीय. थांबतो.