छताचा दिवा

पूर्वी दिवेलागणीची वेळ झाली म्हणजे घरोघर कंदिलाची काच राखेने पुसली जाई, वात नीट कापली जाई आणि मग तो कंदील तुळईच्या आकड्याला टांगला जाई. त्याच्या उजेडात आजी भाजी निवडी आणि मुले पाढे घोकीत. आज तेच काम भिंतीवरील बटण दाबताच होते. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईस वीज मिळू लागली आणि पुढे हळूहळू खेडोपाडीही विजेचे दिवे आले. परंतु कंदील का काजळतो, का विझतो, हे घरातील लहानथोरांना ठाऊक असे. विजेच्या दिव्याविषयी मात्र पुष्कळांचे ज्ञान बटणापाशीच संपते. मग दिवा गेला की घर अंधारात बसते; किंवा त्याहूनही वाईट म्हणजे, कोणीतरी अर्धवट माहितीच्या बळावर तारेला हात घालतो. म्हणून दिवा कसा निवडावा, कोठे व कसा बसवावा आणि तो बिघडल्यास दोष कसा शोधावा, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम निवडीचा विचार करू लागले म्हणजे दिव्यांचे दोन प्रकार डोळ्यांसमोर येतात. थॉमस एडिसन याने १८७९ साली जो दिवा यशस्वी केला, त्यात वीज एका बारीक तंतूतून जाई. तो तंतू तापून लाल-पांढरा होई आणि उजेड देई. पुढे कोळशाच्या तंतूऐवजी टंगस्टन धातूचा तंतू आला, तरी उणीव तीच राहिली : बहुतेक वीज उष्णतेत खर्च होई आणि अगदी थोड्या भागाचाच प्रकाश होई. आजच्या एलईडी दिव्यात तंतू नसतो. त्यातील अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा कणातून वीज वाहू लागली की तो कणच प्रकाश देतो. असा निळा प्रकाश देणारा कण तयार करणे फार दिवस कोणास साधत नव्हते. जपानमध्ये जन्मलेल्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांनी ते साधले, आणि त्यामुळेच पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी दिवे शक्य झाले. या कार्याबद्दल त्यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या फरकाचा हिशेब सोपा आहे. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. साठ वॉटचा जुना दिवा रोज पाच तास लावला, तर तीस दिवसांत नऊ युनिटे जळतात. जवळजवळ तितकाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा तेवढ्याच वेळात अवघी १.३५ युनिटे घेतो. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. वॉट हे खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. उजेडाचे माप ल्यूमेन होय, आणि ते खोक्यावर छापलेले असते. त्याच खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश कंदिलासारखा पिवळसर असतो. तो विश्रांतीच्या खोलीत बरा वाटतो. ६५०० केल्विनचा प्रकाश पांढराशुभ्र असतो. तो स्वयंपाकघरात वा अभ्यासाच्या जागी सोयीचा पडतो.

चांगला दिवा आणला, पण तो चुकीच्या जागी बसविला, तर त्याचे चांगलेपण वाया जाते. उघड्या दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की पृष्ठभागावर पडणारा त्याचा थेट उजेड चौथ्या हिश्शावर येतो. म्हणूनच जुन्या वाड्यांतील उंच माजघरात दिवा छतालगत न ठेवता साखळीने वा दांडीने खाली घेणे शहाणपणाचे ठरते. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर असेल, तर पंखा फिरू लागताच साऱ्या खोलीत सावल्या नाचतात आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात. पाठीमागे दिवा असला म्हणजे स्वतःच्याच डोक्याची सावली पुस्तकावर पडते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास डावीकडून आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्यास उजवीकडून उजेड यावा. भिंती व छत पांढरे असतील, तर तोच दिवा अधिक उजेड देतो असे वाटते, कारण पांढरा रंग प्रकाश परत पाठवितो. चुन्याचा एक हात हा दिव्याचा स्वस्त मदतनीसच होय!

दिवा बसविण्याचे काम वरवर किरकोळ दिसते, पण त्यात जिवाचा प्रश्न असतो. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि माणसाच्या शरीरातून ती सहज वाहते. छातीतून गेल्यास ती हृदयाचे ठोके बिघडविते आणि क्षणात प्राण घेऊ शकते. यास्तव पहिला नियम असा, की केवळ बटण बंद करून थांबू नये. मुख्य बटणही बंद करावे. बटण चुकून न्यूट्रल तारेवर बसविलेले असेल, तर दिवा विझलेला दिसतो, पण होल्डरमध्ये वीज राहतेच. जाणता कारागीर टेस्टर आधी चालू जागी लावून तो चांगला आहे याची खात्री करतो, आणि त्यानंतरच होल्डर तपासतो. तो कोरड्या लाकडी स्टुलावर उभा राहतो. खाली दुसरा कोणी स्टूल धरून असतो. जड दिव्याचा भार तो तारेवर टाकीत नाही. भार आकड्याने किंवा स्क्रूने पेलावा आणि तारेने केवळ वीज वाहावी. फेजची तार बटणातून जाऊन मगच दिव्याकडे जाते. धातूच्या दिव्याला हिरवी अर्थिंगची तारही जोडावी लागते. हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

दिवा लागेनासा झाला, तर घाबरून न जाता क्रमाने विचार करावा. शेजाऱ्यांकडेही अंधार आहे काय? असल्यास दोष घराबाहेर आहे. आपल्याच घरातील सारे दिवे गेले असतील, तर फ्यूज वा एमसीबीकडे पाहावे. एकच दिवा गेला असेल, तर मोठ्या माणसाने मुख्य बटण बंद करून त्या जागी चांगला दिवा लावून पाहावा. तो लागला तर जुना दिवा निकामी झाला, आणि न लागला तर दोष होल्डर, बटण किंवा तारेत आहे. दिवा लुकलुकत असेल, तर बहुधा कोठेतरी जोड सैल असतो. सैल जोड तापतो, आणि तापलेला जोड आग लावू शकतो. बटण बंद केल्यावरही एलईडी दिवा मिणमिणत असेल, तर बटण न्यूट्रल तारेवर असण्याचा संशय घ्यावा. बटणातील लहानशा निदर्शक दिव्यामुळेही कधी असे होते. काचेच्या बंद घुमटात कोंडलेला एलईडी दिवा लवकर जातो, कारण त्याच्या बुडातील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही.

एमसीबी पुनःपुन्हा खाली पडू लागली, तर ती हट्टाने वर करू नये. ती त्रास देत नसते, इशारा देत असते. फ्यूजची बारीक तार वितळली म्हणून तिच्या जागी जाड तांब्याची तार बसविणे म्हणजे पहारेकऱ्याला निजवून दार उघडे ठेवणे होय. कोकणात काय, घाटावर काय, पावसाळ्यात छत पाझरू लागले आणि दिव्याभोवती ओल दिसली, तर दिवा लागत असला तरी त्याचे बटण दाबू नये. मोठ्यांना सांगून मुख्य बटण बंद करावे. आणि कोणी विजेला चिकटलेला दिसला, तर त्याला हाताने ओढू नये. माया कितीही असली तरी तसे केल्याने एकाच्या जागी दोघे संकटात सापडतात. आधी मुख्य बटण बंद करावे. ते न साधल्यास कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करावे, आणि तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी.

कंदिलाची काच पुसणाऱ्या हाताला ज्योतीचे भय ठाऊक होते. म्हणूनच तो हात जपून चाले. विजेची ज्योत दिसत नाही, एवढाच काय तो फरक. दिवा निरखावा, त्याचा दोष ओळखावा, तो नेमक्या शब्दांत सांगावा, हे लहान मुलालाही साधते. कोठपर्यंत आपण जावे आणि कोठे जाणत्याला हाक मारावी, हे ज्याला कळले, त्याच्या घरातील उजेड सुरक्षित राहतो.