विमानाआधी पोहोचणारी ओळख

अमेरिकेला जाणाऱ्या विमानाची दारे बंद होण्यापूर्वीच प्रत्येक प्रवाशाचे नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, पासपोर्टचा क्रमांक व मुदत हा तपशील विमान कंपनीने तेथील सीमा यंत्रणेकडे पाठवणे बंधनकारक असते. यालाच आगाऊ प्रवासी माहिती म्हणतात. हा तपशील सहसा पासपोर्टच्या छायाचित्राखालील, प्रत्येकी 44 चिन्हांच्या दोन यंत्रवाचनीय ओळींतून उचलला जातो. त्यांतील क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्यामागे येणारा तपासणी अंक म्हणजे चिन्हांची मूल्ये क्रमाने 7, 3, 1 यांनी गुणून केलेल्या बेरजेला 10 ने भागल्यावर उरणारी बाकी, आणि तिच्यामुळे वाचनातील बहुतेक चुका तत्काळ पकडल्या जातात. नावाला मात्र असा पहारा नाही. म्हणून तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळायला हवे; मराठी माणसांच्या पासपोर्टांवर वडिलांचे वा पतीचे नाव बहुधा पहिल्या नावालाच जोडलेले असल्याने तिकीट काढताना ते गाळू नये.