जीपच्या जन्माची रुजुवात

एकलहऱ्याच्या औष्णिक विद्युत केंद्राकडून निघून नाशिक रोड ओलांडले की पुढे देवळालीची छावणी लागते, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, महिंद्रा कंपनीचा कारखाना आहे; या पंचक्रोशीत एखाद्या द्राक्षबागेच्या शेडमध्ये जुनी जीप उभी दिसली, तर तिचा मालक ‘ही मिलिटरीची, डिस्पोजलमधली’ असे मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि त्या अभिमानाला आधार किती याची शहानिशा करण्याची ज्याला मनापासून ओढ आहे, त्याच्यापुढे एक किचकट परंतु अतिशय आनंददायी कार्य उभे राहते.

ते किचकट का, हे कळण्यासाठी जीपची वंशावळ थोडक्यात पाहिली पाहिजे. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने टेहळणीच्या हलक्या गाडीसाठी १३५ कारखानदारांकडे मागणी धाडली. बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना २३ सप्टेंबरला मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत हजर केला. आणि तरीही मोठा ठेका मिळाला तो टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीला, कारण बार्नी रूस या अभियंत्याच्या हातून सुधारलेले तिचे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन स्पर्धकांच्या इंजिनांपेक्षा निःसंशय दणकट होते. युद्धाची भूक एकट्या विलीजला भागवता येईना, म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये तोच आराखडा फोर्डलाही देण्यात आला. विलीजची ती एम.बी. आणि फोर्डची ती जी.पी.डब्ल्यू.; पहिलीच्या साडेतीन लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, दुसरीच्या पावणेतीन लाखांहून अधिक, आणि एकीचा कोणताही भाग दुसरीला बसावा असा लष्कराचा कटाक्ष होता. युद्ध संपताच विलीजने शेतकऱ्यांसाठी मुलकी जीप काढली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांची जुळणी आरंभिली. पुढे उंच बोनेटची सी.जे. ३-बी ही जीप तर तहसीलदारांच्या, बी.डी.ओ.च्या आणि पोलीस ठाण्यांच्या दारात इतकी वर्षे उभी राहिली की जीप म्हणजे तीच, असे दोन पिढ्यांना वाटत आले.

मुलकी आणि लष्करी यांतला भेद सराईत नजरेला दुरूनही कळतो. लष्करी जीपच्या जाळीला नऊ फटी, मुलकीला सात. लष्करी जीपच्या मागे उघडणारे फळकूट नाही, पेट्रोल भरण्याचे तोंड चालकाच्या आसनाखाली, आणि पुढचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. खरा कस लागतो तो विलीज की फोर्ड, हे ठरवताना.

कागद येथे फारसा उपयोगी पडत नाही. इंग्लंडमध्ये गेडन येथील मोटार संग्रहालय जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या पाहून, अमुक गाडी अमुक दिवशी अमुक रंगात बाहेर पडली, असा दाखला देते. दुर्मिळ मोटारीच्या बाबतीत तो दाखला निर्णायक ठरतो, कारण तेथे प्रत्येक गाडीचा तपशील निराळा असतो. लाखांनी निघालेल्या, एकाच रंगाच्या लष्करी जीपची गोष्ट तशी नाही. आपल्याकडच्या आर.सी. बुकात तर डिस्पोजलनंतर लिलावात घेणाऱ्याने जे सांगितले तेच बहुधा उतरलेले. डॅशबोर्डवरच्या पितळी अगर जस्ताच्या पट्ट्यांवर कारखान्याचे नाव, क्रमांक आणि सुपुर्दगीची तारीख असते खरी. परंतु तशाच नव्या पट्ट्या आज बाजारात उघड विकत मिळतात, आणि चार स्क्रू फिरवले की एका गाडीची ओळख दुसरीला चिकटते. म्हणून पट्टीला मी साक्षीदार मानतो, पंच मानीत नाही.

पंच म्हणजे सांगाडा. रेडिएटरखाली वाकून पुढचा आडवा दांडा पाहावा: तो गोल नळीचा असेल तर सांगाडा विलीजचा, उलट्या नालीसारखा चौकोनी असेल तर फोर्डचा. विलीजचा क्रमांक बंपरच्या मागे डाव्या बाजूच्या आतल्या अंगाला रिव्हेट मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. फोर्डने तो डाव्या सांगाड्याच्या माथ्यावरच, इंजिनाच्या आधाराजवळ, ठोकलेला असतो. तेथे ऐंशी वर्षांचा चिखल, ग्रीस आणि रंग यांचा थर असतो; तो रॉकेलने भिजवून पितळी ब्रशने हलक्या हाताने काढावा, ग्राइंडर जवळही आणू नये. मग कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी, म्हणजे आर.टी.ओ.त घेतात तसा ठसा उमटतो. हा ठसा भिंगाखाली धरला की पाहायचे ते एकच: गंज आधीचा की अंक आधीचे? गंजाने पडलेले खड्डे अंकांच्या कडा खात गेले असतील, तर अंक जुने. उलट खड्ड्यांच्या वरून अंकाची रेघ स्वच्छ कापीत गेली असेल, तर कोणीतरी तो नंतर ठोकला, हे निश्चित. आणि जुना अंक घासून काढला असला, तरी घावाने खालचा धातू दबलेला असतो, तो आम्लाच्या प्रक्रियेने पुन्हा दिसू लागतो. फोर्डने आपल्या भागांवर, एवढेच काय बोल्टांच्या माथ्यांवरही, आपले वळणदार ‘एफ’ अक्षर उठवले होते. ते एकेका बोल्टावर शोधीत जाण्यात जो आनंद आहे तो सांगून समजायचा नाही.

फोर्डच्या कारखान्यातून निघताना सांगाडा व इंजिन यांचे क्रमांक एकच असत. विलीजचे निरनिराळे असत. पण आज सांगाडा फोर्डचा, इंजिन विलीजचे, बोनेट मुंबईचे, अशीच जीप बहुधा हाती लागते. याने मालक खट्टू होतात, आणि माझे मत येथे त्यांच्याहून सर्वस्वी भिन्न आहे. लष्करी वर्कशॉपात दुरुस्तीला आलेल्या गाड्या खोलून त्यांचे भाग एकत्र दुरुस्त होत, आणि ज्याला जे मिळेल ते लागे. ती सरमिसळ तिच्या नोकरीचाच भाग होय. पुढे डिझेल परवडते म्हणून शेतकऱ्याने इंजिन बदलले, तर तोही तिचा खरा इतिहासच.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत सुधारणा करून पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्ही.ए.’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी दिली. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि अट अशी की चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अट रास्त आहे. परंतु तिच्या धाकाने कोणी नवे अंक ठोकील, तर जो पुरावा ऐंशी वर्षे टिकला तो एका दुपारी नाहीसा होईल. त्यापेक्षा प्रत्येक भागाचे मूळ वेगवेगळे लिहून, शेजारी पेन्सिलचे ठसे चिकटवून, जे ठरले नाही ते ठरले नाही असे नमूद करावे. आणि हे लवकर करावे, कारण कोणते इंजिन कधी उतरले हे ज्यांच्या हातांना ठाऊक, ते नाशिक रोड-देवळालीकडचे जुने मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत, आणि त्यांची जबानी कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही.