‘मसाला’ : एक शब्द, दोन पदार्थ

ब्रह्मपुरीच्या परिसरात बांधकामाच्या जागी ‘मसाला’ हा शब्द वारंवार कानी पडतो. तो मूळचा अरबी. फारसी व हिंदुस्थानीच्या वाटेने मराठीत आला, आणि ‘सामग्री’ हा त्याचा जुना अर्थ गवंड्याच्या बोलीत टिकून राहिला. साध्या भिंतीपुरते हे नाव पुरते. परंतु मातीचा रेटा अडविणारी, पोकळ काँक्रीट ठोकळ्यांची व सळया घातलेली भिंत उभारावयाची असता त्याच नावाखाली दोन भिन्न पदार्थ झाकले जातात. त्यांचा भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

पहिला पदार्थ सांध्याचा. ठोकळे एकमेकांस जोडणे व भार सर्वत्र सारखा पोचविणे हे त्याचे कार्य. भारतीय मानक १९०५ (१९८७) यात १ भाग सिमेंट व ६ भाग रेती या मिश्रणाचे किमान बळ दर चौरस मिलिमीटरला ३ न्यूटन धरले आहे. १ सिमेंट, पाव भाग चुना व ३ रेती यांचे १०. आपल्या भिंतीस दुसरे अधिक योग्य. चुन्यामुळे मिश्रण पाणी धरून ठेवते व ठोकळ्यास नीट बिलगते. नुसते सिमेंट वाढविल्यास सांधा आक्रसून तडकण्याचा संभव असतो.

दुसरा पदार्थ पोकळीत ओतावयाचा. हे बारीक गिट्टीचे, सळईभोवती वाहत जाईल असे काँक्रीट होय. १ सिमेंट, दीड रेती, ३ गिट्टी हे त्याचे परिचित प्रमाण. ‘मसालाच तो’ असे म्हणून सांध्याचे घट्ट मिश्रण पोकळीत लोटले, तर ते तळापर्यंत पोचत नाही. सळईभोवती रिकाम्या जागा राहतात, तेथे ती गंजते, आणि मातीच्या बाजूचा ताण घेणारे काही उरत नाही. बाहेरून मात्र भिंत निर्दोष दिसते.

सामग्रीची पारखही आवश्यक आहे. वैनगंगेची रेती असली तरी तिच्यातील गाळ वजनाने शेकडा ५ हून अधिक नसावा. ओली रेती फुगून आकारमानाने पावपटही वाढू शकते. म्हणून घमेल्याने मोजताना प्रमाण चुकते. विटा भिजवून लावण्याची सवय येथे उपयोगी नाही : भिजलेला काँक्रीट ठोकळा वाळताना आक्रसतो व सांधा उघडतो. कालविलेले मिश्रण दोन तासांत संपवावे. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या येथील उन्हाळ्यात त्याहूनही लवकर संपवावे, व बांधलेला भाग निदान सात दिवस ओला राखावा.

तथापि उत्तम मिश्रणही साचलेल्या पाण्यापुढे हतबल ठरते. २ मीटर उंच भिंतीवर कोरड्या, रेताड भरावाचा रेटा दर मीटर लांबीस सुमारे १२०० किलो येतो. तोच भराव पाण्याने पूर्ण भरला की एकूण रेटा २६०० किलोंच्या वर जातो. ‘कन्हार’ या नावाने ओळखली जाणारी चिकण माती पाणी सोडीत नाही. तिचा भराव भिंतीलगत घालू नये. तेथे गिट्टीचा थर व तळाशी निचऱ्याची छिद्रे हवीत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने या तालुक्यातील गावे वेढली, हे स्मरणात ठेवावे.

‘संरक्षक भिंत’ या नावाचीही हीच गत आहे. कुंपणाची भिंत व मातीचा रेटा सोसणारी भिंत, दोहोंना तेच नाव. २०१९ च्या पावसाळ्यात पुण्यातील कोंढवा व मुंबईतील मालाड येथे भिंती कोसळून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा वृत्तांतून हेच नाव वाचावयास मिळाले. भिंतीमागे काय आहे, हे नाव सांगत नाही.

बोलीतील व्यवसायशब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून शब्दापुढे केवळ अर्थ लिहून थांबू नये. तो पदार्थ कशाचा, कोठे घालावयाचा व कोणते काम करतो, हेही टिपावे. आणि बांधकामापुरते बोलावयाचे तर ‘सांध्याचा मसाला’ व ‘पोकळीचे काँक्रीट’ अशी दोन नावे कामाच्या पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावीत.