सावडीच्या कामाला रोख बक्षीस

ताम्हिणीच्या मंडळींना सावड म्हणजे काय हे सांगायला नको. पावसाची झड लागली, चिखलणी उरकली, की आज तुमच्या खाचरात लावणी, उद्या आमच्या. हिशेब असतो तो दिवसांचा. आता समजा, गावात कोणी पुकारले, "ओढ्याकाठचा फुटका बांध जो घालील, त्याला रोख पाच हजार!" तर सावडीला येणारा गडी त्या पैशासाठी धावेल काय? आणि धावला, तर पुढच्या वर्षी सावडीला येईल काय?

हाच प्रश्न संगणकाच्या जगातही पडला आहे. आपल्या हातातला मोबाइल ज्या लेखी सूचनांवर चालतो, त्यांना प्रोग्रॅम म्हणतात. काही कंपन्या त्या कुलपात ठेवतात. काही प्रोग्रॅम मात्र खुले असतात. कोणीही वाचावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले 'लिनक्स' असेच वाढले. अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. अशी कामे करणाऱ्या कसबी लोकांना 'हॅकर' म्हणतात. वर्तमानपत्रांत हा शब्द चोराला लावतात, पण त्याचा जुना अर्थ असा, की यंत्र उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो.

अशा सामाईक कामात एखादी उणीव राहिली, तर कोणी संस्था वा गरजू माणूस तिच्यावर रोख बक्षीस लावतो. काम पुरे करा, पैसे घ्या. केलेले काम मात्र सर्वांचे.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही, बरं का. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. यंत्र हलके हवे, खेड्यातल्या घरात चालावे, किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी. आणि मुख्य अट अशी, की बक्षीस हवे असेल तर यंत्राचे पेटंट संघाच्या हवाली करावे. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तयार झालेले एक यंत्र परीक्षेपर्यंत पोहोचले. पण सर्व अटी कोणाच्याच यंत्राने पुऱ्या केल्या नाहीत, आणि ते लाख रुपये तसेच राहिले. इकडे पुण्याच्या येरवडा तुरुंगात गांधीजी स्वतः चरख्यात सुधारणा करीत बसले होते. त्यातून पेटीत मावणारा 'येरवडा चक्र' पुढे आला. त्याला कसलेच बक्षीस नव्हते.

मग पैसा करतो तरी काय? एक, लोकांना नेमकी कशाची गरज आहे हे तो मोठ्याने सांगतो. दोन, ज्याला काम आवडते पण पोटाची चिंता आहे, त्याला चार दिवस मोकळे करून देतो. तीन, जे कंटाळवाणे काम हौसेने कोणीच करत नाही, ते उरकून घेतो. लावणीला सारे येतात, गटार उपसायला कोण येतो?

पण कामाची ओढ पैशाने विकत मिळत नाही. ती येते स्वतःची अडचण सोडविण्यातून, शिकण्यातून आणि जाणत्यांच्या शाबासकीतून. अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड कनूथ आपल्या ग्रंथांत चूक दाखविणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. पुष्कळांनी तो वटवलाच नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावला!

उलट अनुभवही आहे. संगणकांमध्ये माहितीची ने-आण करणारा 'कर्ल' हा खुला प्रोग्रॅम घ्या. त्यातले धोके दाखविणाऱ्यांना २०१९ पासून रोख बक्षीस मिळे. खरे धोके उघडकीस आलेही. पण पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेल्या खोट्या तक्रारींचा ढीग पडू लागला, आणि त्या तपासण्यातच कर्त्या माणसांचा वेळ जाऊ लागला. अखेर जानेवारी २०२६ च्या अखेरीस बक्षीस बंद केले गेले.

तेव्हा गुरुजी, शाळेत बक्षीस लावाल तेव्हा एवढे पाहा: बक्षीस गेल्यावरही मूल ते काम करील काय? आणि गावकऱ्यांनो, बांधाला पैसे जरूर लावा, पण बांध कोणी घातला त्याचे नाव चार माणसांत घ्यायला विसरू नका. पैसे दिवाळीपर्यंत संपतील. नाव घेतलेला माणूस मात्र पुढच्या आषाढातही सावडीला हजर असेल.