जठरात उगवलेले आतडे

एंडोस्कोपी करताना जठराच्या अस्तराचा कणभर तुकडा काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कधी कधी गोब्लेट पेशी दिसतात. श्लेष्माने फुगलेल्या या पेशी आतड्यातल्या. निरोगी जठरात त्या नसतात. अहवालात मग ‘इंटेस्टिनल मेटाप्लेशिया’ असे लिहून येते. हा कर्करोग नव्हे, आणि असा अहवाल आलेल्या बहुतेकांना तो पुढे होतही नाही. पण जठराच्या कर्करोगाच्या एका मोठ्या प्रकाराची वाट याच टप्प्यावरून जाते.

जठराच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत जनुके तीच असतात. त्यांतली कोणती चालू आणि कोणती बंद, हे ठरवतात ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाची प्रथिने. डीएनएवरच्या ठरावीक जागी ती चिकटतात आणि जनुकाचे वाचन सुरू करतात, वाढवतात किंवा रोखतात. माणसात अशी सुमारे १,६०० प्रथिने आहेत. त्यांतले सीडीएक्स-२ हे गर्भावस्थेपासून आतड्याची घडण ठरवते. गोब्लेट पेशींच्या श्लेष्माचे जनुकही तेच चालू करते. निरोगी जठरात मात्र ते गप्प असते.

ते तिथे जागे होते, त्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४मध्येच त्याला कर्करोगकारक ठरवले. तो जठरात वर्षानुवर्षे दाह पेटता ठेवतो. त्याच्या काही जाती तर सुईसारख्या रचनेतून कॅग-ए हे प्रथिन थेट आपल्या पेशीत सोडतात आणि तिच्या आतले संदेश बिघडवतात.

पण सीडीएक्स-२ हे या बदलाचे कारण की नुसती खूण? २००२मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांच्या जठरात हे एकच प्रथिन तयार होईल अशी सोय केली. जिवाणूची गरजच पडली नाही. जठरात आतड्यासारखे अस्तर उगवले. जपानी गटाच्या उंदरांना पुढे जठराचा कर्करोगही झाला. एका प्रथिनाने अवयवाची ओळख पालटावी, हे मला आजही थक्क करते.

त्याहून महत्त्वाचा शोध २०११चा. माणसाच्या मेटाप्लेशियात सीडीएक्स-२ स्वतःच्याच जनुकाला चिकटते आणि स्वतःचे उत्पादन चालू ठेवते. एकदा आत शिरले की जणू आतून कडी लावून घेते. प्रतिजैविकांनी जिवाणू गेला, दाह शमला, तरी मेटाप्लेशिया अनेकदा का हटत नाही, याचा एक उलगडा इथे होतो.

मग हे प्रथिनच औषधाने बंद करावे? तसे सोपे नाही. जठरात कर्करोग पुढे सरकतो तसे सीडीएक्स-२ अनेकदा घटत जाते. मोठ्या आतड्यात तर ते पेशींना शिस्तीत ठेवते. तिथल्या ज्या गाठींत ते हरवलेले असते, त्या अधिक घातक ठरतात. जठरात त्याला रोखताना आतड्याचे रक्षण कसे करायचे, हा पेच आहे.

म्हणून आज हाती असलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मेटाप्लेशिया होण्याआधी जिवाणू घालवणे. श्वासाच्या किंवा शौचाच्या चाचणीत तो सापडतो. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी ही चाचणी करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोलावे, आणि तेही पोट दुखण्याची वाट न पाहता.