आधी विमान शहाणं करा, मग रिमोट हातात घ्या!

एक प्रश्न विचारू? रिमोटवरची मोटार जोरात पळते आहे आणि तुम्ही रिमोट खाली ठेवलात. काय होईल? मोटार थोडी पुढे जाईल आणि थांबेल. सोपं आहे.

आता तुमचं विमान पन्नास मीटर उंचावर आहे. वाऱ्याने त्याचा एक पंख कलला आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी तुम्ही रिमोटवरची बोटं उचललीत. आता काय होईल?

“धाडकन पडेल!” बहुतेक जण हेच म्हणतील. पण नवशिक्यांसाठी नीट बनवलेलं विमान पडत नाही. ते कललेला पंख आपणहून वर घेतं, सरळ होतं आणि पुढे उडत राहतं!

त्याला हे कोणी शिकवलं? रेडिओने तर नाहीच, कारण रेडिओवरून आपण काहीच सांगितलं नव्हतं. हे शहाणपण विमानाच्या आकारात आणि त्याच्या तोलात असतं. म्हणून रेडिओवर चालणारं विमान बनवायचं असेल, तर सुरुवात रेडिओपासून करायचीच नाही.

पॅरिसच्या बागेतले ११ सेकंद

१८ ऑगस्ट १८७१. पॅरिसची त्विलरी बाग. अल्फाँस पेनो नावाच्या २१ वर्षांच्या तरुणाने एक छोटंसं विमान आणलं होतं. त्यात इंजिन नव्हतं, पीळ दिलेलं रबर होतं. पीळ सुटायला लागला, पंखा फिरला आणि ते विमान सुमारे ११ सेकंद उडत राहिलं. राइट बंधूंचं विमान उडायला अजून ३२ वर्षं होती!

आत माणूस नाही, खाली रिमोट नाही, मग ते सरळ कसं गेलं? पेनोने दोन युक्त्या केल्या होत्या. एक, मागे योग्य कोनात बसवलेली शेपूट. दुसरी, टोकांना वर वळवलेले पंख. आजही नवशिक्यांच्या विमानात याच दोन युक्त्या असतात. चला, आपण त्या स्वतः ग्लायडरवर, म्हणजे मोटर नसलेल्या साध्या विमानावर, करून बघू.

रविवारचा ग्लायडर

५ मिलिमीटर जाडीची फोमशीट किंवा पातळ थर्माकोल, ३२ सेंटिमीटर लांबीची बांबूची सरळ काडी, चिकटपट्टी, फेव्हिकॉल आणि थोडी शाडूची माती घ्या. फेव्हिक्विक मात्र वापरू नका, ते थर्माकोलला खातं. कटर चालवायला घरातलं मोठं माणूस सोबत हवं.

पंखासाठी ४० सेंटिमीटर लांब आणि ८ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. शेपटीसाठी १४ बाय ५ सेंटिमीटरची आणि उभ्या शेपटीसाठी ५ बाय ६ सेंटिमीटरची. पंख मधोमध कापून दोन तुकडे करा. ते पुन्हा जोडताना दोन्ही टोकं मधल्या भागापेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर वर राहू द्या. समोरून पाहिलं की पसरट ‘व्ही’ दिसला पाहिजे.

आता पंख काडीवर चिकटवा. पंखाची पुढची कड नाकापासून ८ सेंटिमीटरवर यायला हवी. चिकटवताना या पुढच्या कडेखाली काडेपेटीतली एक काडी आडवी घाला. पंख समोरून किंचित उचलला जाईल आणि हवेला थोड्या कोनात भेटेल. तेवढ्याने काय फरक पडतो? एक पुठ्ठा टेबलफॅनसमोर आडवा धरा आणि त्याची पुढची कड जराशी उचला. पुठ्ठा वर ढकलला जातो ते हाताला लगेच कळेल. हीच ती उचल! शेपूट मात्र काडीच्या मागच्या टोकाला सपाटच चिकटवा आणि उभी शेपूट तिच्यावर मधोमध उभी करा.

दोन बोटांची परीक्षा

गोंद वाळला? मग दोन्ही हातांची तर्जनी पंखाखाली टेकवा, पुढच्या कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटर मागे. विमान बोटांवर तोला. बहुधा शेपटीकडे झुकेल. मग नाकाला थोडी थोडी माती लावत जा, विमान आडवं स्थिर होईपर्यंत. हा त्याचा गुरुत्वमध्य. रुंदीच्या पाव भागापासून तिसऱ्या भागापर्यंत तो कुठेतरी असला, की विमान शहाण्यासारखं वागतं. तो फार मागे गेला तर निष्णात वैमानिकाच्या हातूनही विमान सांभाळलं जात नाही.

आता गवत असलेल्या मैदानावर जा. वाऱ्याकडे तोंड करा, नाक अगदी किंचित खाली ठेवा आणि विमान हळूच पुढे सोडा. जोर लावू नका. मग नीट बघा, ते काय करतं?

नाक वर करून थबकतं, मग खाली पडतं आणि पुन्हा नाक वर करतं? शेपूट जड आहे, नाकाला माती वाढवा. सरळ जमिनीत घुसतं? नाक जड आहे, थोडी माती काढा. एकाच बाजूला वळतं? पंख कुठेतरी पिळला गेला आहे, डोळ्यांसमोर धरून तपासा.

एकदा ते शांतपणे तरंगत लांब गेलं, की मुद्दाम थोडं कलतं सोडून बघा. कललेलं विमान खाली गेलेल्या पंखाच्या बाजूला जरा घसरतं. पंख ‘व्ही’ आकारात असल्यामुळे खालच्या पंखाला येणारी हवा जास्त कोनात भेटते. त्याला जास्त उचल मिळते आणि तो वर येतो. विमान सरळ!

आता येऊ दे रेडिओ

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कॅलमझू नावाचं गाव आहे. तिथे वॉल्टर आणि विल्यम गुड हे जुळे भाऊ राहायचे. वॉल्टरला विमानांच्या प्रतिकृतींचं वेड, विल्यमला हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओ-संवादाचं. दोघांनी आपापली वेडं एकत्र केली आणि १९३७ मध्ये त्यांचं ‘गफ’ हे विमान रेडिओच्या हुकमावर उडू लागलं. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे.

आजचा रेडिओ कसा चालतो? तुमच्या हातात असतो ट्रान्समीटर, विमानात असतो रिसीव्हर. तुम्ही ट्रान्समीटरवरची स्टिक हलवली की संदेश रेडिओलहरींवरून निघतो. विमान ३०० मीटर दूर असलं तरी ही लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात तिथे पोचते!

रिसीव्हर तो संदेश सर्व्होला देतो. सर्व्हो म्हणजे जेमतेम ९ ग्रॅमची डबी. आत चिमुकली मोटर, दातेरी चाकं आणि आपला दांडा किती फिरला हे मोजणारा एक भाग. तिला सेकंदाला साधारण ५० वेळा विजेचा छोटा ठोका मिळतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर दांडा मध्यभागी राहतो. एक मिलिसेकंदाचा असेल तर एका बाजूला, दोनचा असेल तर दुसऱ्या बाजूला. कुर्र कुर्र आवाज येतो, तार ओढली जाते आणि शेपटीचा तुकडा हलतो.

पहिल्या विमानाला तीनच गोष्टी पुरतात. थ्रॉटलने मोटरचा वेग, एलेव्हेटरने नाक वर-खाली, रडरने डावीकडे-उजवीकडे. साधारण एक मीटर पसाऱ्याचे आणि धडाच्या वर बसवलेले पंख घ्या. अर्थात, ‘व्ही’ आकाराचे!

डावं कुठलं, उजवं कुठलं?

विमान तुमच्यापासून दूर जात असेल तोवर मजा असते. ते तुमच्याकडे वळलं की घोटाळा होतो, कारण आता त्याचं उजवं ते तुमचं डावं! अशा वेळी अनुभवी मंडळी एक युक्ती सांगतात. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकला. पंख सावरला जातो. ही सवय बोटांत मुरायला हवी, म्हणून आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर भरपूर उडवा. तिथे विमान आपटलं तर एक बटण दाबायचं, की नवं विमान तयार!

मैदानावर जाताना

फिरता प्रोपेलर बोट कापतो, त्याच्या समोर हात नको. आधी ट्रान्समीटर चालू करा आणि मगच विमानाची बॅटरी जोडा. उतरल्यावर आधी बॅटरी काढा आणि ट्रान्समीटर शेवटी बंद करा. लिथियम पॉलिमर बॅटरी तिच्याच चार्जरवर चार्ज करा, तिला एकटं सोडून जाऊ नका आणि फुगलेली बॅटरी वापरूच नका. विमान कायम नजरेसमोर ठेवा, माणसांच्या डोक्यावरून नेऊ नका. भारतात ‘ड्रोन नियम २०२१’ प्रमाणे आकाशाचे लाल, पिवळे आणि हिरवे विभाग केलेले आहेत. विमानतळ आणि लष्करी जागांपासून लांब राहायचं. कुठे उडवायचं हे मोठ्यांना विचारून, नियम बघूनच ठरवा. जवळपास एरोमॉडेलिंग क्लब असेल तर फारच उत्तम. पुढे एनसीसीत जाणार असाल तर लक्षात ठेवा, तिथल्या एअर विंगमध्ये हा विषय शिकायला मिळतो.

अटलांटिक ओलांडणारं लाकडी पाखरू

२००३ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरून एक विमान निघालं. नाव ‘टॅम ५’. बाल्सा या हलक्या लाकडाचं, वजन इंधनासकट ५ किलोपेक्षा कमी. ते बनवणाऱ्या मेनार्ड हिल यांचं वय होतं ७७ आणि त्यांची नजर खूप अधू झाली होती. समुद्रावरचा रस्ता विमानाने उपग्रहांच्या मदतीने स्वतः शोधला. सुमारे ३९ तासांनी, ३,००० किलोमीटर ओलांडून ते आयर्लंडला पोचलं. तिथे थांबलेल्या सोबत्याने रिमोट हातात घेतला आणि ते उतरवलं.

इतका लांबचा प्रवास इवल्याशा इंधनात कसा जमला? विमान हलकं होतं आणि तोलाचं पक्कं होतं. म्हणून मोटर आणि बॅटरीचे पैसे साठवायला हवं तर आजच सुरुवात करा, पण खरेदीची घाई करू नका. आधी तुमच्या ग्लायडरला हाताने सोडून सरळ तरंगायला शिकवा. प्रत्येक वेळी माती किती लावली आणि विमान किती पावलं गेलं, हे वहीत लिहा. पेनोचं विमान ११ सेकंद हवेत राहिलं होतं. तुमचं किती वेळ राहतंय?